कुरव हायब्रिड आहे, असं म्हणायच्या आधी

मी तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंग केलं. गिऱ्हाईक पत्र्याचा तुकडा पाठवायचं, सोबत चिठ्ठी: अगदी हाच करडा हवा. मग आम्ही पांढऱ्यात थेंबथेंब काळा, कणभर निळा, कधी पिवळा घालत बसायचो. करड्याला लोक रंगात धरत नाहीत, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त माल परत यायचा तो करड्यापायीच. त्यामुळे निवृत्तीनंतर मी करड्या पाठीच्या पक्ष्यांच्या नादी लागलो, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. कुरव, म्हणजे आपले सीगल.

ऐरोलीच्या खाडीवर येणाऱ्यांना फ्लेमिंगो बघायचे असतात. २०१५ साली अभयारण्य झालं तेही फ्लेमिंगोंच्या नावाने, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली तेव्हा पेपरात फोटो आला तोही फ्लेमिंगोंचाच. कुरवांना कुणी विचारत नाही. वाशीला सागरविहारच्या कठड्यावरून शेव-गाठी फेकणारे तेवढे विचारतात. (कृपा करून टाकू नका. त्या तळणाचा पक्ष्याला काडीचा उपयोग नाही.)

हायब्रिडचं, म्हणजे दोन जातींच्या संकरातून झालेल्या पक्ष्यांचं, खूळ मला इथे लागलं नाही. ते सिअॅटलहून आणलं. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं सहा महिने तिकडे होतो. नातू झोपला की मी जॅकेट चढवून धक्क्यावर. तिकडे ग्लॉकस-विंग्ड नावाचा कुरव आहे, त्याच्या पंखाचं टोक पाठीइतकंच फिकट करडं. आणि दुसरा वेस्टर्न, पाठ गडद, पंखाचं टोक काळंकुळकुळीत. वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या किनाऱ्यावर या दोघांच्या जोड्या जमतात, पिल्लं होतात, पिल्लं जननक्षम असतात, ती पुन्हा याच्याशी-त्याच्याशी किंवा आपसात घरोबा करतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. प्युजेट साउंडच्या परिसरात तर निखळ पक्षी शोधावा लागतो. या मिश्र पक्ष्यांना तिथले लोक ‘ऑलिंपिक गल’ म्हणतात. पंखाचं टोक काळं नाही, पाठीच्या रंगाचंही नाही, मधलंच कुठलंतरी कोळशाचं करडं. माझ्यासारख्याला ती मेजवानी होती. शेड कार्डावरच्या दोन चौकोनांच्या मधली प्रत्येक छटा तिथे धक्क्यावर बसलेली.

परत आल्यावर पहिल्याच डिसेंबरात मी ऐरोलीला एक हायब्रिड शोधून काढला. डोकं हिवाळ्यातलं पांढरं, डोळ्यामागे ठिपका. चोच तपकिरी डोक्याच्या कुरवासारखी जाड. पण डोळा काळा, आणि त्या जातीचा डोळा फिकट असतो. पंखाच्या टोकाला पांढरे ठिपके हवेत, ते नाहीत. म्हणजे अर्धा तपकिरी डोक्याचा, अर्धा काळ्या डोक्याचा! पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली दहा ओळी लिहिल्या. त्या दिवशी जनार्दनदादा होडी धुवत होते. खाडीत उभा जन्म गेलेला माणूस. मी त्यांनाही फोटो दाखवला. त्यांनी ओल्या हाताने मोबाइल लांब धरला, बघितलं आणि म्हणाले, "अहो काका, पोर हाय तो. पुढल्या थंडीला बगा."

पोरच होतं. पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो आणि पंखाच्या टोकात ते पांढरे ठिपके नसतात. पंखावर तपकिरी पट्टा आणि शेपटीच्या टोकाला काळी फीत हे दोन्ही माझ्याच फोटोत होतं. मी फक्त डोळा आणि पंखाचं टोक बघत बसलो होतो.

तर पहिलं काम: वय ठरवा. जातीचं नाव काढायच्याही आधी. लहान कुरवांना प्रौढ पिसारा यायला दोन वर्षं लागतात, मोठ्यांना चार. दर वर्षी चोच, डोळा, पाय, पाठ सगळं बदलतं, आणि बदलताना मधल्या अवस्था येतात. ‘मधलं’ दिसलं की आपल्याला वाटतं मिश्रण. बहुतेक वेळा ते मिश्रण बालपण आणि तारुण्याचं असतं. शेपटीवर काळी फीत किंवा पंखाच्या झाकणपिसांवर तपकिरी दिसलं, तर तो पक्षी हायब्रिडच्या खात्यातून निदान माझ्यापुरता बाद. जाणकार लोक लहान वयाचे हायब्रिडही ओळखतात, पण ते वर्षानुवर्षं त्यांच्या वसाहतींत बसलेले असतात. आपण प्रौढांवर हात बसवावा.

आता आपल्याकडचे नेहमीचे कोण ते बघू, कारण निखळ पक्षी डोळ्यांत पक्का बसल्याशिवाय मिश्र कळत नाही. नावांवर जाऊ नका. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोघंही आपल्याकडे हिवाळ्यात येतात तेव्हा डोकं पांढरं असतं, कानापाशी एक काळसर ठिपका उरतो. नावातली गडद टोपी चढते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, परतीच्या तोंडावर. म्हणून पंख बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड बाहेरच्या बाजूला पांढरी असते, उडताना पाचरीसारखी लांबून चमकते. तपकिरी डोक्याच्याचं पंखाचं टोक काळं, आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. त्यांना पक्षीनिरीक्षक मिरर म्हणतात, मी आरसे म्हणतो. पंखाच्या लांब पिसांना आतून बाहेर आकडे देतात. सगळ्यात बाहेरचं दहावं, त्याच्या आतलं नववं. आरसे या दोघांवर. शिवाय प्रौढाचा डोळा फिकट, चोच जाड, अंग थोडं थोराड. तिसरा स्लेंडर-बिल्ड. त्याला टोपी कधीच चढत नाही, कपाळ उतरतं, मान आणि चोच लांब, डोळा फिकट. एखाद्या तपकिरी डोक्याच्याचा कानाचा ठिपका पुसट असला की नवखा माणूस या दोघांत अडकतो. मान ताणून पोहत असेल तर प्रश्नच मिटतो.

पॅलास गल इथला सगळ्यात मोठा. पिवळ्या चोचीला टोकाशी काळा-लाल पट्टा, डोळ्याभोवती काजळ फिसकटल्यासारखं. त्याच्यावर शाई खर्च करत नाही, त्याला कुणी हायब्रिड समजत नाही.

खरी डोकेदुखी गडद पाठीच्या मोठ्या कुरवांची. मला ते ऐरोलीपेक्षा वाशी पुलाच्या बाजूला आणि उरणकडे जास्त भेटले. सैबेरियाच्या टुंड्रातून येणारा ह्यूगलिन्स, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारा स्टेप गल म्हणजे बाराबेन्सिस, आणि अधूनमधून ज्याच्या नावाने वाद रंगतात तो कॅस्पियन. पाठीची छटा याच क्रमाने गडदकडून फिकटाकडे जाते. पण प्रत्येकाची छटा हा एक ठिपका नसून पट्टा आहे, आणि पट्ट्यांची टोकं एकमेकांवर चढतात. आमच्या कारखान्यातही दोन बॅचमध्ये एवढा फरक चालवून घ्यायचे. ह्यूगलिन्सचं घरटं फार उत्तरेला, म्हणून त्याची पीसगळ उशिरा संपते. डिसेंबरात त्याचं दहावं पीस जुनंच असू शकतं किंवा नवं अर्धवट वाढलेलं. स्टेपचं काम त्याच्या आधी उरकतं. कॅस्पियनचा डोळा बारीक आणि गडद, चोच लांब, जवळजवळ समांतर कडांची. पण स्टेपचाही डोळा पुष्कळदा गडद असतो, तेव्हा नुसत्या डोळ्यावर पैज लावू नका.

इथे एक गंमत सांगतो. मुलीच्या बारावीच्या वेळी मी तिच्यासोबत वाचायला बसायचो, तेव्हा कुरवांचं उदाहरण ‘वलयजाती’ म्हणून वाचल्याचं आठवतं. उत्तर ध्रुवाभोवती साखळी, शेजारी-शेजारी जमतात, पण दोन टोकं युरोपात भेटतात तेव्हा जमत नाहीत. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली ही कल्पना मांडली आणि ती पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली. २००४ साली डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की हे वलय तसं नाहीच. साखळी सलग नाही, आणि मूळ वंश एक नसून दोन आहेत. या कुटुंबात कोण वेगळी जात आणि कोण उपजात, हे याद्यांमध्ये सारखं हलत असतं. सध्याच्या बहुतेक याद्यांत ह्यूगलिन्स आणि स्टेप हे दोघंही लेसर ब्लॅक-बॅक्ड नावाच्या कुरवाच्या उपजाती आहेत. म्हणजे त्या दोघांचं मिश्र पिल्लू सापडलं तरी काटेकोरपणे ते हायब्रिड नव्हे. हायब्रिड म्हणजे दोन जातींची संतती, उपजातींच्या मिश्रणाला इंटरग्रेड म्हणतात. कॅस्पियन मात्र वेगळी जात. त्याच्याशी संकर झाला तर तो हायब्रिड. त्याही पलीकडे तैमिरेन्सिस म्हणून एक प्रकार आहे, आणि तो आख्खाच दोन शेजाऱ्यांच्या मिश्रणातून झाला असावा असं काही तज्ज्ञ मानतात. अशा घरात शिरून ‘हा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा’ म्हणायला छाती लागते.

म्हणून दुसरं काम नकाशा काढून बसायचं. हे कुरव आपल्या किनाऱ्यावर अंडी घालत नाहीत. जे काही जमायचं ते तिकडे, घरट्यांच्या जागी जमतं. ज्या दोन जातींची नावं तुम्ही जोडताय, त्यांची घरटी एकमेकांजवळ असतात का? सिअॅटलला असतात, म्हणून तिथे मिश्र पक्षी रोजचे. मध्य युरोपात, पोलंडमध्ये, कॅस्पियन आणि हेरिंग गल एकाच वसाहतीत नांदतात, म्हणून तिथलेही खरे. कॅस्पियन आणि स्टेप यांचे प्रदेश कझाकस्तानात लागून आहेत, तेव्हा त्या जोडीवर निदान विचार करता येतो. पण तपकिरी डोक्याचा राहतो लडाख-तिबेटच्या उंच तलावांवर, काळ्या डोक्याच्याची घरटी त्याहून बरीच उत्तरेला. माझ्या त्या डिसेंबरातल्या शोधाआधी हा नकाशा एकदा बघितला असता, तर दहा ओळी लिहिण्याआधी हात आखडला असता.

तिसरं, आणि इथे माझा धंदा कामी येतो: उजेड. कारखान्यात आम्ही शेड नेहमी उत्तरेकडच्या खिडकीपाशी बघायचो, थेट उन्हात कधीच नाही. पक्ष्यालाही तोच न्याय. हलक्या ढगांचा दिवस सगळ्यात चांगला. कुरवाची पाठ गाड्यांच्या मेटॅलिक रंगासारखी वागते, बघायचा कोन बदलला की गडद-फिकट होते. रंगवाले याला फ्लॉप म्हणतात. एकदा खाडीतल्या एका खुंटावर मोठा कुरव बसला होता, डाव्या पायाचा पडदा फाटलेला. सकाळी तो मला कॅस्पियन वाटला. तासाभराने वळून बसला, तेव्हा स्टेप. पाय तोच फाटका. मग मी वहीत छटा लिहिणंच बंद केलं. आता फक्त तुलना लिहितो: शेजारच्या पक्ष्यापेक्षा गडद, की फिकट, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला होती का. अभ्यासक कोडॅकची करड्या चौकोनांची पट्टी वापरतात, पण ती संग्रहालयातली पक्ष्यांची कातडी हातात घेऊन बघणाऱ्यांसाठी. चिखलावरच्या पक्ष्याला पट्टी कोण लावणार?

कॅमेरा तर बिलंदर खोटारडा. काळ्या चिखलावर पांढरा पक्षी असला की तो चिखल उजळवायला जातो आणि पक्षी धुऊन काढतो. पाठ फिकट झाली की तुमचा ह्यूगलिन्स कॅस्पियन झाला. एक्सपोजर खाली उतरवा, अर्धा-पाऊण स्टॉप. फोटोत ओळखीचा दुसरा कुरव हवाच.

उजेडासाठी जागा आणि वेळ धरावी लागते. ऐरोली खाडीच्या पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी. मुलुंड-भांडुपच्या बाजूने बघणाऱ्याला दुपार बरी. आणि भरतीचं गणित आपल्या आजोबांचंच: तिथीची पाऊणपट करा, येईल ती ढोबळमानाने पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीत आत पाणी त्याहून थोडं उशिराच चढतं. मला द्वादशी-त्रयोदशी सोयीची, दोन्ही पक्षांतली. पाणी चढत असतं, चिखल आक्रसत जातो आणि पक्षी काठाकडे सरकतात. भरतीच्या आधीचा दीड-दोन तास बसून राहायचं. ओहोटीला गेलात तर कुरव पांढऱ्या तिळाएवढे दिसतील आणि मग तुम्हाला त्यात काहीही दिसेल.

उडाल्यावर काय टिपायचं, ते आमच्या शेजारच्या मृण्मयीला मी एका वाक्यात सांगितलं: बसलेल्या पक्ष्याचे शंभर फोटो नकोत, पंख पसरलेला एक दे. पंखाची वरची बाजू, खालची बाजू, शेपटी पसरलेली, डोकं बाजूने, पाय. ती कॉलेजात आहे, हात स्थिर आहे, आणि मुख्य म्हणजे तिला थंडीत उठवता येतं.

हे सगळं जमल्यावरही तीन गोष्टी फसवतात. झीज: काळ्या पिसात मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं, ते पीस चिवट. पांढरा भाग आधी झिजतो, म्हणून मार्च-एप्रिलात आरसे आणि पांढरी टोकं गायब होतात. पीसगळ: दहावं पीस वाढत असलं तर ते नवव्याखाली लपतं आणि त्याचा आरसाही लपतो. आणि डाग. आपल्या खाडीत काय काय मिसळतं ते मी रंगवाल्याने सांगू नये, पण तेलकट पाण्यात बसून उठलेला कुरव मी स्वतः नवी जात म्हणून दहा मिनिटं बघितलेला आहे.

इतक्यातून पक्षी टिकला, तर मग तक्ता करा. मिश्र पक्ष्यांचा अभ्यास करणारे प्रत्येक खुणेला गुण देतात आणि बेरीज करतात, त्याचंच हे घरगुती रूप. आडवं: पाठ, पंखाचं टोक, डोळा, चोचीचा आकार, पाय, डोक्यावरच्या रेघा. उभं: पहिल्या जातीसारखं, दुसऱ्या जातीसारखं, मधलं. एकाच खुणेवर ‘मधलं’ आलं तर तो त्या जातीतलाच थोडा वेगळा पक्षी. माणसांतही असतात, घारे डोळे कोकणात काही परदेशी म्हणून मोजत नाहीत. निदान तीन खुणा मध्ये पडायला हव्यात, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नकोत. फिकट पाठ आणि फिकट पंखटोक या दोन्ही एकाच उजेडाच्या करामती असू शकतात, त्यांची एकच खूण धरा. डोळा आणि चोचीचा आकार यांचा उजेडाशी फारसा संबंध नाही, म्हणून त्यांना माझ्याकडे जास्त वजन आहे. ऑलिंपिक गल पटतो तो याचसाठी: पंखटोक मधलं, पाठ मधली, आणि हिवाळ्यात वेस्टर्नचं डोकं स्वच्छ पांढरं असायला हवं तिथे ग्लॉकस-विंग्डसारखे मळकट डाग.

एक मात्र तक्त्यात मावत नाही. हायब्रिडचं पिल्लू पुन्हा एका निखळ जातीशी जुळलं, की पुढची पिढी त्या जातीसारखीच दिसायला लागते. दोन-तीन पिढ्यांनी डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणजे माझ्यासमोरून कितीतरी हायब्रिड ‘ह्यूगलिन्स, १’ म्हणून वहीत गेले असतील. जाऊ देत.

नोंद करताना ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, तीन सोयी आहेत, तिन्ही वापरायला लाजू नका. दोनपैकी एक आहे पण कोण ते कळत नाही, तेव्हा दोन नावांमध्ये तिरकी रेघ असलेला पर्याय. मोठा कुरव एवढंच कळलं, तर जातीशिवाय नुसतं ‘कुरव’. आणि दोन नावांमध्ये फुली असलेला हायब्रिडचा पर्याय, तो तक्ता भरून झाल्यावर आणि फोटो जोडूनच. रेघ आणि फुली यांत गल्लत करू नका. रेघ म्हणजे मला कळलं नाही. फुली म्हणजे मला कळलं, आणि ते दोन्ही आहे.

गेल्या हिवाळ्यात वाशीच्या बाजूला एक प्रौढ बसला होता. पाठ स्टेपपेक्षा फिकट वाटत होती, चोच लांब, डोकं स्वच्छ. आकाश ढगाळ, शेजारी ओळखीचा ह्यूगलिन्स, सगळं जुळून आलेलं. नकाशाही नाही म्हणत नव्हता. मृण्मयी माझ्याकडे बघत होती, कारण तिला माझी हौस ठाऊक आहे. "काका, लिहायचं का?" मी म्हटलं, उडू दे आधी. चाळीस मिनिटं तो उडाला नाही. मग मासळीची होडी आली, सगळा थवा एकदम उठला आणि तिच्या फोटोत बावीस पंख आले, त्यातला त्याचा कुठला ते दोघांनाही सांगता येईना. वहीत असं आहे:

वाशी, द्वादशी, भरतीच्या आधी. मोठा कुरव, प्रौढ, १. पाठ शेजारच्या ह्यूगलिन्सपेक्षा बरीच फिकट, दोघांची तोंडं उत्तरेला. डोळा गडद. चोच लांब, कडा जवळजवळ समांतर. पाय पाण्यात. दहावं पीस दिसलं नाही. स्टेप, तिरकी रेघ, कॅस्पियन.